मोकळ्या झालेल्या खोलीचा पत्ता

वेब ब्राउझरमध्ये सापडणाऱ्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी एकाच कुळातल्या असतात. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर आणि अतिगंभीर त्रुटी नव्याने तपासल्या आणि २०२० मध्ये हा आकडा जाहीर केला. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अभियंते मॅट मिलर यांनी आपल्या कंपनीचा हिशेब मांडला होता. दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्रुटींत या कुळाचा वाटा तिथेही ७० टक्क्यांच्या आसपासच निघाला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, वेगवेगळी उत्पादने, हजारो वेगवेगळे प्रोग्रामर आणि उत्तर मात्र एकच. हलगर्जीपणा सगळीकडे इतका समप्रमाणात पसरत नसतो. दोन्हीकडे समान होती ती भाषा, म्हणजे सी आणि तिची वारसदार सी++.

या कुळाला मेमरी-सुरक्षिततेच्या त्रुटी म्हणतात. संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या अब्जावधी खोल्यांची चाळ समजावी. प्रोग्रामला काही ठेवायचे असले की तो सलग काही खोल्या मागून घेतो, काम संपले की परत करतो, आणि मधल्या काळात त्या खोल्यांचा पत्ता जवळ बाळगतो. हा पत्ता म्हणजे पॉइंटर. चुका दोन तऱ्हांनी होतात. पहिलीत जागेची हद्द ओलांडली जाते. चार खोल्या घेतल्या, सामान सहा खोल्यांचे आणले, आणि उरलेले शेजारच्या घरात लोटून दिले. याचे रूढ नाव बफर ओव्हरफ्लो. दुसरीत काळाची हद्द ओलांडली जाते. भाडेकरूने खोली सोडली, मालकाने ती दुसऱ्याला दिली, पण एका कुरिअरवाल्याच्या वहीत जुनाच पत्ता राहून गेला, आणि तो जुन्या भाडेकरूची बँकेची कागदपत्रे त्याच दारात टाकत राहिला. नवा भाडेकरू साधा माणूस असेल तर नुसता घोळ होईल, म्हणजे प्रोग्राम कोसळेल. पण ती कागदपत्रे हाती लागावीत म्हणूनच कोणी ती खोली भाड्याने घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. या तऱ्हेला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात, म्हणजे मोकळी केलेली जागा नंतरही वापरत राहणे. ब्राउझरला सर्वांत जास्त छळले आहे ते हिनेच. क्रोमियमच्या त्या ७० टक्क्यांतल्या जवळपास निम्म्या त्रुटी या एकाच तऱ्हेच्या होत्या.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवली. मेमरी किलोबाइटांत मोजली जाण्याचा तो काळ होता आणि भाषेने प्रोग्रामरवर पूर्ण भरवसा टाकला. दहा घरांच्या यादीतले अकरावे घर मागितले तरी सी हटकत नाही. तिथे जे काही असेल ते ती मुकाट्याने हातात ठेवते. प्रत्येक वेळी हद्द तपासायची तर वेळ खर्च होतो, आणि तो खर्च करायचा की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवावे असा तो करार होता. पर्याय ठाऊक नव्हता असे मात्र नाही. टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात एक जुनी आठवण सांगितली आहे. त्यांच्या चमूने १९६० च्या दशकात अल्गोल ६० या भाषेसाठी केलेला कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, यादीची हद्द प्रत्येक वेळी तपासत असे. पुढे ग्राहकांना विचारले, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय हवी का? सर्वांनी एकमुखाने नको म्हटले, कारण अशा चुका किती वारंवार होतात हे ते रोज पाहत होते. भाषा घडवणाऱ्यांनी यातून धडा घेतलेला नाही, ही खंत होअर यांनी तेव्हाच बोलून दाखवली होती. आठच वर्षांनी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, इंटरनेटवरचा पहिला मोठा किडा, मॉरिस वर्म, पसरला. त्याच्या वाटांपैकी एक बफर ओव्हरफ्लोची होती.

तरीही १९९० च्या दशकात ब्राउझर लिहायला घेतले गेले ते सी आणि सी++ मध्येच. पान झटपट उमटवायचे तर दुसरा सोयीचा पर्याय नव्हता. आजचे ब्राउझर त्या घराण्यातले आहेत. केडीई प्रकल्पातल्या केएचटीएमएल या इंजिनावरून ॲपलने वेबकिट उभारले, वेबकिटमधून २०१३ मध्ये गूगलचे ब्लिंक फुटून निघाले, आणि प्रत्येक वाटणीत सी++ च्या ओळी पुढच्या पिढीकडे गेल्या. आता त्या कोट्यवधी झाल्या आहेत.

ब्राउझर हे अनोळखी माणसाने पाठवलेले चित्र, अक्षरमुद्रा, चित्रफीत आणि चक्क प्रोग्राम दिवसातून शेकडो वेळा न विचारता उघडणारे सॉफ्टवेअर आहे. सुरक्षेच्या दृष्टीने याहून बिकट काम शोधूनही सापडणार नाही. त्यात १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट आणली आणि पान लिहिणाऱ्याच्या हाती ब्राउझरच्या मेमरीतल्या हालचालींची सूत्रे गेली. पानावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चौकट ही मेमरीतली एक वस्तू असते आणि या हजारो वस्तू एकमेकींचे पत्ते बाळगून असतात. बटण दाबले की ब्राउझर स्क्रिप्टला हाक मारतो. ती स्क्रिप्ट त्याच क्षणी ते बटणच पानावरून काढून टाकू शकते. ब्राउझर परत येऊन आपले अर्धवट काम पुढे चालू करतो तेव्हा हातातला पत्ता रिकाम्या खोलीचा झालेला असतो. सी++ मध्ये हे टाळायचे तर प्रत्येक प्रोग्रामरने प्रत्येक ओळीला ही शक्यता ध्यानात ठेवायला हवी. कोट्यवधी ओळींत ते शक्य नाही.

रिकाम्या खोलीत आपला माणूस बसवण्याचे कामही जावास्क्रिप्टच करून देते. स्क्रिप्टने योग्य आकाराच्या हजारो वस्तू तयार केल्या की त्यांतली एखादी नेमकी त्या जागी जाऊन बसते. या युक्तीला हीप स्प्रे म्हणतात, आणि इंटरनेट एक्सप्लोररवरच्या हल्ल्यांत ती २००४ पासून सर्रास दिसू लागली. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण जानेवारी २०१० मधले. त्या महिन्याच्या १२ तारखेला गूगलने जाहीर केले की चीनमधून झालेल्या हल्ल्यात आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाली आहे. ‘ऑपरेशन अरोरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या हल्ल्याचे दार होते इंटरनेट एक्सप्लोररमधली एक यूज आफ्टर फ्री. पानावर काही घडले की ते कोणत्या घटकावर घडले याची नोंद ब्राउझर ठेवत असे. घटक काढून टाकल्यावरही ती नोंद पुसली जात नव्हती. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना काही काळ दुसरा ब्राउझर वापरायला सांगितले, आणि मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन २१ जानेवारीला दुरुस्ती दिली. ही त्रुटी कंपनीला आदल्या सप्टेंबरपासून ठाऊक होती, हेही याच सुमारास बाहेर आले.

उपायांची पहिली फळी ब्राउझरची नव्हे, ऑपरेटिंग सिस्टीमची होती. विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने डीईपी ही सोय आणली. जी मेमरी माहिती ठेवण्यासाठी घेतली आहे तिच्यातला मजकूर प्रोग्राम म्हणून चालवायला प्रोसेसरच नकार देतो. हल्लेखोरांनी मग स्वतःचा प्रोग्राम आणणे सोडले आणि ब्राउझरमध्ये आधीपासून असलेल्या प्रोग्रामचेच तुकडे वेचून जोडायला सुरुवात केली, वर्तमानपत्रातली अक्षरे कापून धमकीचे पत्र चिकटवावे तसे. होवाव शाचम यांनी २००७ मध्ये या तंत्राला शास्त्रीय रूप दिले. ते तुकडे कुठे आहेत हेच कळू नये म्हणून एएसएलआर आले. प्रोग्रामचे भाग दर वेळी मेमरीत वेगळ्या पत्त्यांवर बसवायचे. त्यावर हल्लेखोरांचे उत्तर असे की आधी एका त्रुटीतून एखादा पत्ता फोडायचा आणि मग दुसऱ्या त्रुटीने घाव घालायचा. प्रत्येक कुंपणामुळे हल्ल्याचा खर्च वाढला हे खरे, पण मूळ चूक होती तिथेच राहिली.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मांडला. चूक होणार आणि हल्लेखोर आत येणार, हे आधीच गृहीत धरले. मग तो आत आल्यावर त्याच्या हाती काय लागेल, एवढाच प्रश्न उरतो. शिवकाशीच्या फटाका कारखान्यांत दारूकाम एका मोठ्या दालनात करत नाहीत. लहान लहान सुट्या खोल्या अंतर राखून बांधतात आणि एका खोलीत मोजकीच माणसे बसवतात. ठिणगी पडलीच तर एक खोली जाते, कारखाना वाचतो. क्रोमने पान वाचण्याचे आणि उमटवण्याचे काम अशा सुट्या खोल्यांत, म्हणजे वेगळ्या प्रक्रियांत ठेवले. त्यांना रेंडरर म्हणतात. रेंडररला फाइल उघडता येत नाही की कॅमेरा चालवता येत नाही. प्रत्येक गोष्ट मुख्य प्रक्रियेकडे मागावी लागते. या बंदिस्तपणाचे नाव सँडबॉक्स. त्यामुळे एका त्रुटीवर भागेनासे झाले. आधी रेंडररमध्ये शिरायचे आणि मग सँडबॉक्समधून बाहेर पडायचे, अशी निदान दोन त्रुटींची साखळी लागू लागली. इतर ब्राउझरही यथावकाश याच वाटेने आले, फायरफॉक्स सर्वांत सावकाश.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो प्रोसेसरने. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी उघडकीला आली आणि एकाच प्रक्रियेतली एक साइट दुसरीची माहिती वाचू शकते हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रक्रिया मिळाली. त्यापायी मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढला. क्रोम मेमरी खातो ही तक्रार जुनीच आहे. त्या खाण्यातला काही भाग या भिंतींच्या बांधकामाचा आहे, हे तक्रार करणाऱ्याला सहसा माहीत नसते.

क्रोमियमच्या विकासकांचा एक घरगुती नियम यातूनच आला. त्याला ते दोनाचा नियम म्हणतात. अविश्वसनीय माहिती हाताळणे, असुरक्षित भाषेत लिहिलेले असणे आणि सँडबॉक्सबाहेर मोकळीक असणे, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही कोडमध्ये जास्तीत जास्त दोन असाव्यात. तिन्ही एकत्र आल्या की तो कोड स्वीकारला जात नाही. नियम साधा आहे, पण त्याची किंमत साधी नाही. दर छोट्या कामासाठी नवी प्रक्रिया उभी करायची तर साध्या फोनचा जीव मेटाकुटीला येतो.

चुका शिल्लक राहणारच असतील तर त्या हल्लेखोराच्या आधी शोधायला हव्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर १९८८ मध्ये एका वादळी रात्री घरून टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. खरखरीमुळे लाइनवर कचरा अक्षरे येत होती आणि नेहमीचे युनिक्स प्रोग्राम त्या कचऱ्याने कोसळत होते. त्यातून फझिंग जन्माला आले. प्रोग्रामला मुद्दाम वेडीवाकडी माहिती चारायची आणि तो कुठे कोलमडतो ते पाहायचे. मिखाउ झालेव्स्की यांच्या एएफएल या साधनाने त्यात हुशारी आणली. कोणत्या माहितीने प्रोग्रामची नवी वाट उघडली हे पाहून तीच पुढे वाकवत न्यायची. गूगलमध्येच तयार झालेला ॲड्रेससॅनिटायझर हा याचा जोडीदार. परत केलेल्या खोल्या तो लगेच कोणाला देत नाही, त्यांना टाळे ठोकून ठेवतो, म्हणजे जुना पत्ता घेऊन कोणी आले की जागीच सापडते. आता हजारो यंत्रे अहोरात्र हेच काम करतात, आणि २०१६ पासून ओएसएस-फझ या उपक्रमाने मुक्त स्रोतातल्या ग्रंथालयांनाही, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचांनाही, ती सोय दिली आहे. या मार्गाने हजारो त्रुटी वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्याआधीच मेल्या आहेत.

या मार्गाला मर्यादा कुठे येते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. वेबपी हे चित्रांचे गूगलने २०१० मध्ये आणलेले स्वरूप. ते वाचणारे लिबवेबपी हे सी मधले ग्रंथालय जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरच्या पायावर उभ्या असलेल्या असंख्य ॲपमध्ये आहे. वेबपीच्या एका प्रकारात चित्र हफमन पद्धतीने आकुंचित केलेले असते. नेहमी येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत, क्वचित येणाऱ्यांना लांब. संकेत उलगडण्यासाठी तक्ते लागतात, आणि ते जास्तीत जास्त किती मोठे होतील याचे गणित आधीच करून तेवढीच जागा राखलेली होती. गणित अचूक होते, पण संकेतांचा संच नियमात बसणारा असेल तरच. संच नियमात बसतो की नाही हे तक्ता भरून झाल्यावर तपासले जात होते. म्हणजे लग्न लागल्यावर मुलाची चौकशी. नियमात न बसणारा, पण अगदी काटेकोरपणे जुळवलेला संच दिला की तक्ता राखलेल्या जागेबाहेर जाऊन शेजारची मेमरी लिहू लागे.

हे ग्रंथालय वर्षानुवर्षे फझिंगखाली होते, तरी हे कोणाला सापडले नाही. कारण ही त्रुटी उठवायला पहिले तक्ते नियमात राहून जास्तीत जास्त जागा व्यापणारे हवेत आणि शेवटचा नेमका बिघडलेला हवा. आंधळेपणाने बिट उलटेपालटे करून हे जुळून येण्याची शक्यता नगण्य. ज्याने ती शोधली त्याने बहुधा कोड वाचून, कागद-पेन्सिल घेऊन शोधली असावी. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला वॉशिंग्टनमधील एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर बसवण्याचा हल्ला आढळला, आणि त्या तपासातून ही त्रुटी उजेडात आली. संदेशासोबत आलेले चित्र पुरे होते, फोनधारकाने काहीही दाबण्याची गरज नव्हती. ॲपलने ७ सप्टेंबरला दुरुस्ती दिली, क्रोमने ११ तारखेला, फायरफॉक्सने १२ ला. त्यानंतर कित्येक आठवडे बाकीच्या ॲपची रांग चालली होती. याच हल्ल्याचे भारतीय धागेही आहेत. इथल्या एका शोधपत्रकाराच्या आयफोनवर २३ ऑगस्ट २०२३ रोजी तो पाठवला गेल्याच्या खुणा ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयोगशाळेने त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये मांडल्या.

शोधणे पुरत नसेल आणि कोट्यवधी ओळी फेकूनही देता येत नसतील, तर त्या ओळींमधले दातच काढून घेता येतील का, या विचारातून मिरॅकलपीटीआर तयार झाले. नावात चमत्कार असला तरी युक्ती व्यवहारी आहे. साध्या पॉइंटरच्या जागी एक हिशेबी पॉइंटर वापरायचा. खोलीचा पत्ता किती वह्यांत आहे याची मोजदाद खोलीच ठेवते. भाडेकरू गेला तरी वहीत पत्ता शिल्लक आहे तोवर ती खोली दुसऱ्या कोणाला मिळत नाही. चूक तशीच राहते, पण तिच्यातून चोरी करता येत नाही. क्रोमच्या चमूने १५,००० हून अधिक पॉइंटर बदलले आणि २०२२ मध्ये १०२ व्या आवृत्तीपासून विंडोज आणि अँड्रॉइडवर ही सोय मुख्य प्रक्रियेत सुरू केली. विशेष अधिकार असलेल्या प्रक्रियांतल्या यूज आफ्टर फ्रींपैकी ५७ टक्क्यांना यामुळे आळा बसला, असा त्यांचा २०२४ चा हिशेब आहे. हे कुंपण ओलांडून दाखवणाऱ्याला गूगलने त्याच वर्षी २,५०,१२८ डॉलरचे बक्षीस लावले. त्या विचित्र आकड्यामागे काहीतरी विनोद असावा, पण रक्कम विनोदाची नाही.

हे सगळे उपाय जुन्या भाषेला ठिगळे लावण्याचे. भाषाच बदलण्याचा मार्ग मोझिलातून निघाला. ग्रेडन होअर हे (टोनी होअर यांच्याशी नुसते आडनाव जुळणारे) प्रोग्रामर २००६ मध्ये व्हँकुव्हरच्या आपल्या इमारतीत परतले तेव्हा लिफ्टचे सॉफ्टवेअर कोसळलेले होते. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्यांना वाटले की लिफ्टसारखे यंत्रसुद्धा मेमरीच्या चुकांनी बंद पडावे हे काही बरोबर नाही. त्यांनी हाती घेतलेल्या रस्ट या भाषेला पुढे मोझिलाने आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. इतरांना ती उसनी मिळते, एक तर पुष्कळांना फक्त पाहण्यासाठी, नाही तर एकालाच बदलण्यासाठी. मालक गेला की वस्तू जाते, आणि तिचा पत्ता कोणाच्या वहीत उरला असेल तर कंपायलर प्रोग्राम तयारच करून देत नाही. भांडण लिहिणाऱ्याच्या टेबलावरच मिटते. नवशिक्याला हा कंपायलर खाष्ट सासूसारखा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच खोटी नाही.

मोझिलाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कचेरीत डेव्हिड बॅरन या अभियंत्याने भिंतीवर डोक्याच्या बऱ्याच वर एक पाटी लावली होती. जत्रेतल्या पाळण्यापाशी असते तशी. एवढी उंची असेल तरच अनेक धाग्यांत, म्हणजे एकाच वेळी अनेक समांतर वाटांनी, चालणारा कोड लिहावा, असा तिचा आशय होता. पानाची सजावट ठरवणारा फायरफॉक्सचा भाग अनेक धाग्यांत चालवण्याचे सी++ मधले दोन प्रयत्न तिथे आधी फसले होते. तोच भाग रस्टमध्ये स्टायलो या नावाने लिहिला गेला आणि नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स क्वांटममध्ये जगभर गेला. मोझिलाने नंतर मागे वळून मोजले. या भागाच्या साऱ्या इतिहासात ६९ सुरक्षा-त्रुटी झाल्या होत्या. तो पहिल्यापासून रस्टमध्ये असता तर त्यांतल्या ५१ होऊच शकल्या नसत्या. उरलेल्या १८ रस्टमध्येही होऊ शकल्या असत्या. दुर्दैव असे की ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले, आणि सर्वो या प्रायोगिक इंजिनावर काम करणारे लोकही त्यात गेले. भाषा मात्र तोवर एका कंपनीची राहिली नव्हती.

जिथे पुनर्लेखन परवडत नाही तिथे फायरफॉक्सने आणखी एक वाट काढली. विद्यापीठीय संशोधकांसोबत बनवलेल्या आरएलबॉक्समध्ये जुने सी ग्रंथालय आधी वेबअसेंब्ली या मधल्या स्वरूपात उतरवतात आणि मग यंत्रभाषेत. या प्रवासात त्याला आखून दिलेल्या मेमरीबाहेर हात घालण्याची ताकदच उरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ९५ व्या आवृत्तीत शब्दलेखन तपासणारे हनस्पेल आणि किचकट लिप्यांसाठीचे ग्रॅफाइट अशी काही ग्रंथालये या पिंजऱ्यात गेली.

एका ठिकाणी मात्र रस्टही हात टेकते, आणि हल्लेखोर आता तिथेच गर्दी करतात. क्रोमचे जावास्क्रिप्ट इंजिन व्ही८ स्क्रिप्ट चालू असतानाच तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते. वेगासाठी ते अंदाज बांधते. या यादीत आजवर पूर्णांकच आले, म्हणजे पुढेही तेच येतील, मग तपासणी कशाला? अंदाज चुकीच्या गृहीतकावर बांधला गेला की तपासणी नसलेला यंत्रकोड तयार होतो आणि तो हद्दीबाहेर जातो. चूक तर्काची, परिणाम मेमरीचा. रूपांतर करणारा प्रोग्राम रस्टमध्ये असला तरी त्याने तयार केलेला कोड रस्टच्या पहाऱ्याबाहेरच असतो. २०२१ ते २०२३ या काळात प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या, रेंडररमध्ये शिरकाव करून देणाऱ्या क्रोमच्या त्रुटींपैकी ६० टक्के व्ही८ मधल्या होत्या. सॅम्युएल ग्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय पुन्हा कुंपणाचाच आहे. व्ही८ साठी एक टेराबाइट आभासी पत्त्यांचा वाडा राखून ठेवायचा आणि आतल्या पॉइंटरांत पूर्ण पत्त्याऐवजी वाड्याच्या दरवाजापासूनचे अंतर लिहायचे. आत कितीही उलथापालथ झाली तरी त्या अंतराने वाड्याबाहेर पोहोचता येत नाही. एप्रिल २०२४ पासून ही सोय प्रायोगिक मानली जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने २०२१ मध्ये हे धावते रूपांतरच बंद ठेवण्याचा प्रयोग केला, आणि ॲपलचा २०२२ पासूनचा लॉकडाउन मोड तेच करतो. रोजची पाने त्यावाचून फारशी मंदावत नाहीत. ज्यांच्यावर पाळत असण्याची शक्यता आहे अशा पत्रकार-वकिलांना हा सौदा स्वस्तात पडतो.

आता प्रोसेसरही या कामाला लागला आहे. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो, आणि बिल्ल्याचा आकडा खणाच्या आकड्याशी जुळला तरच चप्पल हाती येते. आर्म कंपनीची एमटीई ही रचना अगदी अशीच चालते. मेमरीच्या दर १६ बाइटांना चार बिटांचा बिल्ला, तोच पॉइंटरलाही. खोली परत केली की बिल्ला बदलतो. जुना पत्ता घेऊन आलेल्याला प्रोसेसर तिथेच अडवतो. बिल्ले सोळाच असल्याने चुकून जुळण्याची शक्यता राहते, पण हल्ला सोळांत पंधरा वेळा फसत असेल तर तो गुपचूप करता येत नाही. २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये ही सोय पहिल्यांदा फोनवर आली, तीही हौशींपुरती. ॲपलने सप्टेंबर २०२५ च्या आयफोन १७ मध्ये तिची सुधारलेली तऱ्हा कायम चालू ठेवली. स्वस्त फोनपर्यंत ती उतरायला वेळ लागेल, आणि भारतातले बहुतेक ब्राउझिंग स्वस्त फोनवरच होते.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती उरते ते अपडेट. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या इशाऱ्यांवर आधारलेल्या ‘क्रोम वापरत असाल तर सावधान’ छापाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतही अधूनमधून झळकतात. त्या वाचून घाबरण्यापेक्षा ब्राउझर बंद करून पुन्हा उघडणे जास्त उपयोगी, कारण अपडेट उतरलेले असते आणि ते लागू होण्यासाठी ब्राउझर नव्याने सुरू व्हावा लागतो. क्रोमियमचा कोड सर्वांना उघडा असल्यामुळे दुरुस्ती कोडमध्ये दिसते तेव्हाच हल्लेखोरालाही त्रुटी कळते. ही फट कमी करण्यासाठी क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा-दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. क्रोमियमवर बेतलेले इतर ब्राउझर ती किती लवकर उचलतात यावर त्यांच्या वापरकर्त्यांची सुरक्षितता अवलंबून असते. स्वदेशी ब्राउझरसाठी केंद्र सरकारने घेतलेल्या स्पर्धेत २०२५ मध्ये एक कोटीचे पहिले पारितोषिक मिळवणारा झोहोचा उला हाही क्रोमियमवरच उभा आहे. या बाबतीत ब्राउझर देशी की परदेशी, याने काही फरक पडत नाही. पोटातले सी++ तेच असते.

जुन्या कोडचे काय करायचे, या प्रश्नावर सर्वांत आश्वासक आकडेवारी ब्राउझरबाहेरून, अँड्रॉइडकडून आली. तिथे जुने फारसे पुन्हा लिहिले नाही, नवे तेवढे सुरक्षित भाषांत लिहिले. तरीही एकूण त्रुटींत मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुन्या कोडमधल्या चुका काळाबरोबर सापडून संपत जातात, आणि नव्या चुका बहुतांशी नव्या ओळींत असतात, हे त्याचे कारण. मग तातडीने बदलायचे ते एवढेच, जे जुने असूनही थेट अनोळखी फाइलला भिडते.

फॉन्ट हे त्यातले ठळक प्रकरण. वेबपान स्वतःचा फॉन्ट सोबत आणते, आणि फॉन्टची फाइल वाचणारे फ्रीटाइप हे ग्रंथालय सी मधले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यातली एक त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात असल्याचे गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या चमूला आढळले. फॉन्टच्या आत दडवलेल्या पीएनजी चित्राची लांबी-रुंदी ३२ बिटांत लिहिलेली, पण जागा राखताना ती १६ बिटांत कोंबली जाई. मोठा आकडा छाटला जाऊन लहान होई आणि चित्र मात्र पूर्ण आकाराने ओतले जाई. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत क्रोमने वेबफॉन्टसाठी फ्रीटाइपच्या जागी स्क्रिफा हे रस्टमधले ग्रंथालय बसवले. त्यानंतरचा टप्पा अक्षरजुळणीचा आहे. इंग्रजीला तो जवळजवळ लागत नाही. देवनागरीत मात्र ‘र्‍या’ आणि ‘र्या’ वेगळे काढणे, वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, ‘क्ष’ जोडणे या साऱ्यासाठी प्रत्येक शब्द फॉन्टमधल्या तक्त्यांतून फिरवावा लागतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ करते. ते सी++ मध्ये आहे, वर्षानुवर्षे फझिंगखाली आहे, आणि त्याचा रस्टमधला अवतार तयार करण्याचे काम सुरू झालेले आहे.